कृष्णवर्णीय दिग्दर्शकांचे दुर्लक्षित सिनेमे आणि त्यांच्या डिस्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार्ल्स बर्नेट, बिल गन, कॅथलीन कॉलिन्स, ऊस्मान सेम्बेन यांच्याबद्दल काहीही लिहिलं की तेच प्रश्न फिरून येतात. कुठे बघायचा, कोणती डिस्क (डीव्हीडी, ब्लू-रे) घ्यायची, इतकी वर्षं सिनेमा अडकला कशाला होता? ते सगळे इथे एकत्र केले आहेत. क्रम साधारण सोप्याकडून किचकटाकडे आहे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या पानावर कुठले सिनेमे धरले आहेत? गोष्ट कृष्णवर्णीयांची असली की झालं का?

नाही. दिग्दर्शक कोण, एवढंच बघितलं आहे. 'नथिंग बट अ मॅन' (१९६४) हा अलाबामातल्या रेल्वे कामगाराचा सिनेमा फार चांगला आहे, पण त्याचे दिग्दर्शक मायकेल रोमर गोरे होते. 'क्लॉडीन' जॉन बेरींचा आणि 'द कूल वर्ल्ड' शर्ली क्लार्कचा. तेही इथे नाहीत. उलट 'कूली हाय' (१९७५) करणारे मायकेल शुल्ट्झ कृष्णवर्णीय आहेत. आडनावावरून लोक फसतात आणि मग मला दुरुस्ती पाठवतात.

देशाचं बंधन मात्र नाही. अमेरिका, ब्रिटन, सेनेगल, कॅमेरून, मॉरिटानिया, सगळं चालेल.

२. बरेचसे सिनेमे यूट्यूबवर कुणीतरी टाकलेले असतात. मग डिस्क कशाला हवी?

कारण तिथे जे दिसतं ते बहुतेक वेळा व्हीएचएसवरून उतरवलेलं असतं. चौकट कडेने कापलेली, अंधारातले चेहरे गायब, आवाज डब्यातून आल्यासारखा. 'किलर ऑफ शीप'मध्ये मुलं एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उड्या मारतात आणि कॅमेरा खालून वर बघत असतो. खराब प्रतीत आकाशात काहीतरी हललं एवढंच कळतं. चांगल्या प्रतीत दोन इमारतींमधलं अंतर दिसतं आणि पोटात गोळा येतो.

अधिकृत स्ट्रीमिंगला माझा विरोध नाही. हायले गेरिमांचा 'सांकोफा' (१९९३) अव्हा डुव्हर्ने यांच्या 'अरे' या कंपनीमुळे २०२१ साली नव्या ४के (अतिशय बारीक तपशील दाखवणाऱ्या डिजिटल) प्रतीत नेटफ्लिक्सवर आला आणि जगभर पोचला. पण स्ट्रीमिंगचा करार संपला की सिनेमा तिथून जातो. शिवाय या सिनेमांचा मोठा साठा असलेलं क्रायटेरियन चॅनल (क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क प्रकाशकाची स्ट्रीमिंग सेवा) अमेरिका आणि कॅनडापुरतंच आहे. आपल्याला त्याचा उपयोग नाही.

३. चांगली डिस्क ओळखायची कशी? पाठीवर '४के' लिहिलं असलं की पुरे?

पुरे नाही, आणि ते पहिलं बघायची गोष्टही नाही. आधी बघा की प्रत कशावरून केली. मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून केली असेल तर उत्तम. निगेटिव्ह नसेल तर त्यावरून काढलेली इंटरमिजिएट प्रत, तीही नसेल तर थिएटरात फिरलेली प्रिंट. चांगले प्रकाशक हे डिस्कबरोबरच्या पुस्तिकेत स्पष्ट छापतात. जिथे यावर अवाक्षर नाही तिथे जरा सावध राहावं.

दुसरं, आवृत्ती कोणती (प्रश्न ६ आणि ७). तिसरं, रंग कुणाच्या देखरेखीखाली ठरवले (प्रश्न १२). चौथं म्हणजे जोडीला काय दिलं आहे. या दिग्दर्शकांच्या शॉर्ट फिल्म्स वेगळ्या कधीच मिळत नाहीत. डिस्कवर असल्या तरच दिसतात. बर्नेटच्या 'सेव्हरल फ्रेंड्स', 'द हॉर्स' आणि 'व्हेन इट रेन्स' मी तशाच बघितल्या. 'व्हेन इट रेन्स' तर निव्वळ रत्न आहे.

४. 'किलर ऑफ शीप' अमेरिकेतला थोर सिनेमा म्हणतात. मग तो तीस वर्षं कुठे होता?

कॉलेजांत, संग्रहालयांत आणि महोत्सवांत, झिजलेल्या १६ मिमी प्रिंटांवर. थिएटरात किंवा दुकानात नव्हता, कारण संगीताचे हक्क घेतलेले नव्हते.

बर्नेट तेव्हा यूसीएलए या विद्यापीठात शिकत होते. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत, ओळखीपाळखीचे लोक घेऊन, मुख्यतः शनिवार-रविवारी त्यांनी हा सिनेमा चित्रित केला आणि १९७७ साली पदवीचं काम म्हणून तो पूर्ण केला. खर्च १० हजार डॉलरच्या आत. स्टॅन कत्तलखान्यात काम करतो, त्याला झोप लागत नाही, बायको जवळ येऊ बघते आणि तो तिथे असून नसल्यासारखा. एका प्रसंगात तो आणि त्याचा मित्र गाडीचं इंजिन विकत घेतात, घाम गाळत जिन्यावरून खाली आणतात, ट्रकच्या मागच्या कडेला ठेवतात. गाडी सुरू होते, इंजिन मागे पडतं आणि फुटतं. दोघं बघतात आणि निघून जातात.

या सगळ्यामागे डायना वॉशिंग्टन, पॉल रोबसन, अर्थ विंड अँड फायर अशा रेकॉर्ड वाजतात. सिनेमा बाजारात न्यायचाच नव्हता, त्यामुळे परवानगीचा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. पुढे नाव झालं, १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेशही झाला, पण प्रत्येक गाण्याचा मालक वेगळा आणि प्रत्येकाचा दर वेगळा. अखेर माइलस्टोन फिल्म्स या छोट्या कंपनीने सुमारे दीड लाख डॉलर मोजून हक्क सोडवले. सिनेमाच्या खर्चाच्या १५ पट! यूसीएलएच्या अभिलेखागाराने प्रत दुरुस्त करून ३५ मिमीवर आणली होती. २००७ साली तो रीतसर प्रदर्शित झाला.

तरी एक गाणं राहिलंच. शेवटी वाजणारं 'अनफर्गेटेबल' तेव्हा मिळालं नाही. त्या जागी 'धिस बिटर अर्थ' पुन्हा वाजवलं. २०२५ साली क्रायटेरियनने काढलेल्या ४के डिस्कवर मूळ गाणं परत आलं आहे.

५. निगेटिव्ह हरवतात कसे? आणि मग सापडतात कुठे?

हरवतात याचं कारण बहुधा नीरस असतं. निर्माता लॅबचं बिल भरत नाही, दिग्दर्शक वारतो, वितरक बुडतो, डबे गोदामात पडून राहतात. मोठ्या स्टुडिओला स्वतःची गोदामं असतात. या मंडळींकडे लॅबची पावती होती, फार तर.

सापडण्याच्या गोष्टी जास्त रंगतदार आहेत. ऑस्कर मिशोंचा 'विदिन अवर गेट्स' (१९२०) हा कृष्णवर्णीय अमेरिकी दिग्दर्शकांच्या आज शिल्लक असलेल्या पूर्ण लांबीच्या सिनेमांतला सर्वांत जुना. त्याची एकच प्रिंट उरली होती आणि ती माद्रिदच्या चित्रपट अभिलेखागारात, 'ला नेग्रा' या नावाखाली, स्पॅनिश पाट्यांसह (मूकपटात दृश्यांच्या मध्ये येणारा मजकूर). लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ साली त्या पाट्या पुन्हा इंग्रजीत आणून सिनेमा उभा केला. स्पेन्सर विल्यम्सचा 'द ब्लड ऑफ जीझस' (१९४१) टेक्सासमधल्या टायलर गावच्या एका गोदामात १९८३ साली मिळाला.

होरेस जेंकिन्स यांचा 'केन रिव्हर' (१९८२) माझ्या विशेष आवडीचा. लुइझियानातली प्रेमकथा, पण भांडणाच्या मुळाशी जमीन आणि रंगाची छटा. मुलगा उजळ वर्णाच्या, जमीनजुमला असलेल्या क्रिओल घरातला. मुलगी गडद वर्णाची, गुलामांच्या वंशातली. उजळ-सावळ्याचे हे हिशेब आपल्याकडच्या वधू-वर जाहिराती वाचणाऱ्याला समजावून सांगायला नकोत. सिनेमा पूर्ण झाला आणि त्याच वर्षी जेंकिन्स हृदयविकाराने गेले. निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या ड्यूआर्ट लॅबमध्ये राहिला, २०१३ साली बाहेर आला आणि सिनेमा २०२० मध्ये थिएटरात लागला.

आयव्हन डिक्सनच्या 'द स्पूक हू सॅट बाय द डोअर'चं (१९७३) प्रकरण निराळं. सीआयएमध्ये शिकून बाहेर पडलेला कृष्णवर्णीय माणूस शिकागोतल्या तरुणांना गनिमी युद्ध शिकवतो, अशी गोष्ट. सिनेमा थिएटरांतून झपाट्याने उतरवला गेला. निगेटिव्ह वाचला तो वेगळ्याच नावाने डब्यात बंद करून ठेवला होता म्हणून. डीव्हीडी यायला २००४ साल उजाडलं.

६. 'गांजा अँड हेस'च्या दोन वेगवेगळ्या लांबीच्या प्रती दिसल्या. कोणती बघू?

लांब. जवळपास दोन तासांची. ७८ मिनिटांची आहे ती बघू नका.

निर्मात्यांना 'ब्लॅक्युला'च्या यशावर स्वार होणारा रक्तपिपासूंचा सिनेमा हवा होता. बिल गन यांनी पैसे घेतले आणि व्यसन, धर्म व रक्ताची तहान यांवर स्वप्नासारखा सिनेमा बनवला. १९७३ साली तो कानच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला. न्यूयॉर्कात चालला नाही, तेव्हा तो दुसऱ्या कंपनीला विकला गेला. त्यांनी कापून, क्रम बदलून 'ब्लड कपल' अशा नावांनी लावला. गन यांनी त्या आवृत्तीवरून स्वतःचं नाव काढून घेतलं.

मूळ सिनेमा टिकला तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एक प्रिंट होती म्हणून. किनो लॉर्बर या अमेरिकी वितरकाची ब्लू-रे मूळ लांबीची आहे. जुन्या स्वस्त डीव्हीडी आणि अनामिक अपलोड घेताना मात्र लांबी आधी तपासा. नाव 'गांजा अँड हेस' छापून आत भलतंच असू शकतं.

७. पण दिग्दर्शकानेच नंतर सिनेमा कापला असेल तर? मूळ खरा की नवा?

इथे मी नियम करत नाही, दोन्ही डिस्कवर हवेत असं म्हणतो. बर्नेटच्या 'माय ब्रदर्स वेडिंग'चं (१९८३) संकलन पुरं व्हायच्या आतच निर्मात्यांनी ती कच्ची प्रत न्यूयॉर्कच्या महोत्सवात पाठवली. परीक्षण कोमट आलं, वितरक पांगले. २००७ साली बर्नेटनी तो ११८ मिनिटांवरून ८२ मिनिटांवर आणला. नवी आवृत्ती घट्ट आहे, पण जुनीत वॉट्समधलं रेंगाळणं जास्त आहे आणि मला ते आवडतं. माइलस्टोनच्या डीव्हीडी संचात दोन्ही होत्या. असंच हवं.

केसी लेमन्सच्या 'ईव्ज बायू'बाबत (१९९७) मात्र मी दिग्दर्शिकेची लांब आवृत्ती सुचवेन. थिएटरसाठी एक अख्खं पात्र काढून टाकलं होतं. क्रायटेरियनच्या २०२२ च्या डिस्कवर ते आहे.

८. सनडान्स या अमेरिकी महोत्सवात पहिलं बक्षीस मिळालेला सिनेमा गायब कसा होतो?

'कमेलियन स्ट्रीट'बद्दल हा प्रश्न हमखास येतो. मिशिगनच्या फ्लिंट शहरातल्या वेंडेल हॅरिस यांनी तो लिहिला, दिग्दर्शित केला आणि मुख्य भूमिकाही केली. विल्यम डग्लस स्ट्रीट या खऱ्या तोतयाची गोष्ट: पत्रकार, सर्जन, येलचा विद्यार्थी, वाटेल ते सोंग वठवणारा. १९९० साली सनडान्सचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. मग वॉर्नर ब्रदर्सने रिमेकचे हक्क विकत घेतले, मूळ सिनेमा जेमतेम दिसला आणि रिमेकही झाला नाही. हॅरिस यांचा दुसरा सिनेमा आलाच नाही. आर्बेलॉस या वितरकाने २०२१ मध्ये ४के रिस्टोरेशन (दुरुस्त केलेली प्रत) आणलं. हा विनोदी सिनेमा आहे, आणि हसू घशात अडकवणारा.

एका परीक्षणानेही सिनेमा बसतो. बर्नेटच्या 'द ॲनायलेशन ऑफ फिश'मध्ये (१९९९) जेम्स अर्ल जोन्स आणि लिन रेडग्रेव्ह आहेत, म्हणजे नावांची कमी नव्हती. टोरांटो महोत्सवात दाखवल्यावर 'व्हरायटी' या सिनेव्यवसायाच्या नियतकालिकात झोडपणारं परीक्षण आलं आणि वितरक मिळाला नाही. दुरुस्त प्रत थिएटरात लागली ती २०२५ साली.

९. मिशोंचे मूकपट आता कॉपीराइटमुक्त आहेत. फुकट प्रत असताना बॉक्स सेट कशाला?

कॉपीराइट नाही म्हणजे कुणीही, कशीही प्रत काढू शकतो, आणि काढतातही. गती चुकलेली, पाट्या वाचता न येणारी, वर कुठलंतरी पियानोचं संगीत चिकटवलेलं. किनो लॉर्बरने किकस्टार्टरवर वर्गणी गोळा करून 'पायोनियर्स ऑफ आफ्रिकन-अमेरिकन सिनेमा' हा पाच डिस्कचा संच २०१६ मध्ये काढला. त्यात अभिलेखागारांतून मिळालेल्या उत्तम प्रती आहेत आणि प्रत्येक सिनेमामागचा इतिहास आहे. एकच संच घेणार असाल तर हा घ्या.

एक बारीक खोच: या संचात रिचर्ड नॉर्मनही आहेत आणि ते गोरे होते. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी, कृष्णवर्णीय कलाकार घेऊन ते सिनेमे काढत. म्हणून प्रश्न १ च्या नियमाने 'द फ्लाइंग एस' (१९२६) आपल्या यादीत बसत नाही. बघायला हरकत नाही!

१०. स्त्री दिग्दर्शकांपासून सुरुवात करायची आहे. कुठून करू?

कॅथलीन कॉलिन्सच्या 'लूझिंग ग्राउंड'पासून (१९८२). तत्त्वज्ञानाची प्राध्यापिका, तिचा चित्रकार नवरा, उन्हाळ्यात गावाकडे घेतलेलं घर. नवरा मनाला येईल तसा जगतो. ही पुस्तकांतून परमानंदाचा शोध घेते आणि तिचं तिलाच कळतं की आपण तो कधी अनुभवलेला नाही. गरिबी नाही, बंदुका नाहीत. तेव्हाच्या वितरकांना असल्या कृष्णवर्णीय बाईचं काय करायचं ते कळलं नाही. सिनेमा थिएटरात लागलाच नाही. कॉलिन्स १९८८ साली ४६ व्या वर्षी कर्करोगाने गेल्या. पुढे मुलगी नीना यांनी निगेटिव्ह लॅबमधून सोडवून आणला, रिस्टोरेशन करवून घेतलं आणि २०१५ मध्ये माइलस्टोनने सिनेमा लोकांसमोर आणला. नवऱ्याच्या भूमिकेत 'गांजा अँड हेस'वाले बिल गन आहेत, आणि त्या सिनेमातले हेस, म्हणजे ड्वेन जोन्स, इथेही आहेत.

मग ज्युली डॅशचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' (१९९१). जॉर्जिया-साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या बेटावरचं गल्ला (गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज, स्वतःची बोली असलेले) कुटुंब, साल १९०२, उत्तरेकडे निघण्याचा आदला दिवस. बोली पहिली वीस मिनिटं अर्धीच कळते. घाबरू नका, कान बसतो.

यानंतर तीन नावं, तिन्ही अलीकडेच नीट उपलब्ध झालेली. आयोका चेंझिरांचा 'अल्माज रेनबो' (१९९४) ब्रुकलिनमधलं ब्यूटी पार्लर आणि तीन बायका यांभोवती फिरतो. कॉलीन स्मिथच्या 'ड्रायलाँग्सो'त (१९९८) ओकलंडमधली मुलगी आपल्या वस्तीतल्या तरुण पोरांचे पोलरॉइड काढत सुटते, कारण ती फार काळ जगणार नाहीत असं तिला वाटतं. आणि झेनाबू आयरीन डेव्हिसचा 'काँपेन्सेशन' (१९९९): शिकागोत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन काळांत, तेच दोन कलाकार, कर्णबधिर स्त्री आणि ऐकू येणारा पुरुष. ज्यांना ऐकू येतं आणि ज्यांना येत नाही, दोघांनाही एकाच खोलीत बसून बघता येईल अशा पाट्या चित्रातच आहेत. डिस्कवर सबटायटल्स बंद-चालू करण्याचा प्रश्नच येत नाही.

११. आफ्रिकेतल्या सिनेमांचं काय? ते तर महोत्सवाबाहेर दिसतच नाहीत.

पूर्वी दिसत नसत, हे खरं. पश्चिम आफ्रिकेतले कित्येक सिनेमे पॅरिसच्या लॅबमध्ये धुतले जात, हक्क फ्रेंच सहनिर्मात्याकडे राहत, आणि प्रिंट दिग्दर्शकाच्या देशात नसेच. आता बरंच बदललं आहे. सेम्बेनचे 'ब्लॅक गर्ल' आणि 'मांदाबी' क्रायटेरियनने काढले. २०२४ साली 'एमिताई', 'झाला' आणि 'सेद्दो' एका संचात आले. 'झाला' (१९७५) आधी बघा. नवस्वतंत्र देशातले साहेब फ्रेंच मिनरल वॉटरने मर्सिडीज धुतात, ते दृश्य कुठल्याही नवस्वतंत्र देशाला लागू पडतं.

मार्टिन स्कॉर्सेसींच्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टमुळे जिब्रिल दियोप मामबेतींचा 'तुकी बुकी' (१९७३), मेद ओंदोंचा 'सोलेय ओ', सारा माल्दोरोर यांचा अंगोलावरचा 'सांबिझांगा' (१९७२) आणि कॅमेरूनचा 'मुना मोतो' दुरुस्त झाले. यातले शेवटचे दोन या प्रकल्पाच्या, क्रायटेरियनने काढलेल्या ज्या चौथ्या संचात आहेत, त्यातच उदय शंकर यांचा 'कल्पना' (१९४८) आहे. त्याची दुरुस्ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या साहित्यावरून झाली. 'कल्पना'साठी संच घेतलेल्यांनी उरलेल्या डिस्क प्लॅस्टिकमध्येच ठेवल्याचं मी पाहिलं आहे. उघडा त्या.

ब्रिटनबद्दल थोडक्यात: होरेस ओव्हेंचा 'प्रेशर' (१९७६) हा कृष्णवर्णीय ब्रिटिश दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा, २०२३ साली बीएफआयने (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) नव्याने दुरुस्त केलेला.

१२. काही डिस्कवर चेहरे काळेठिक्कर किंवा उगाच राखाडी दिसतात. टीव्हीत दोष आहे का?

आधी टीव्हीचा 'व्हिविड' मोड बंद करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उरलेल्यांत दोष खरोखर प्रतीत असतो.

फिल्म आणि लॅबची मोजमापं गोऱ्या त्वचेवर बेतलेली होती. कोडॅकची जी संदर्भपत्रिका लॅबवाले रंग जुळवायला वापरत तिला 'शर्ली कार्ड' म्हणत, आणि त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच फोटो होता. गडद त्वचेतले बारकावे निगेटिव्हवर असले तरी प्रिंट काढताना ते सावलीत बुडत. चांगला छायाचित्रकार प्रकाशाने यावर मात करायचा. मग चाळीस वर्षांनी कुणी नवखा तंत्रज्ञ स्कॅन करतो, सरसकट उजेड वाढवतो आणि सगळे चेहरे धुरकट होतात. किंवा कॉन्ट्रास्ट वाढवतो आणि डोळे-दातच उरतात.

म्हणून मूळ छायाचित्रकार बाजूला बसलेला असणं महत्त्वाचं. 'डॉटर्स ऑफ द डस्ट'च्या २०१६ च्या रिस्टोरेशनचे रंग स्वतः मूळ छायाचित्रकार आर्थर जाफा यांनी ठरवले. निळीत राबून रंगलेले हात, पांढरे कपडे आणि त्यांमधल्या त्वचेच्या निरनिराळ्या छटा जुन्या डीव्हीडीवर अशा दिसतच नव्हत्या.

१३. 'पर्सनल प्रॉब्लेम्स'ची ब्लू-रे घेतली, चित्र अंधूक आहे. फसवणूक झाली का?

नाही. बिल गन आणि लेखक इश्माएल रीड यांनी ही न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या नर्सची कौटुंबिक मालिका १९८० च्या सुमारास व्हिडिओ टेपवर चित्रित केली. फिल्मच नव्हती, त्यामुळे निगेटिव्हही नाही. टेपवर जेवढं आहे तेवढंच दिसणार. स्पाइक लीचा 'बँबूझल्ड' (२०००) बराचसा मिनी-डीव्हीवर आहे, तोही असाच खरबरीत. अशा सिनेमाला कुणी '४के' म्हणून विकत असेल तर तो फक्त आकडा आहे.

१४. अमेरिकेतून मागवलेली डिस्क भारतात चालेल का?

४के यूएचडी डिस्कला रीजनचं कुलूप (ठरावीक प्रदेशातल्या प्लेअरवरच चालण्याचं बंधन) नसतं, ती चालेल. अर्थात ४के प्लेअर हवा. डिस्क ड्राइव्हवाला पीएस५ किंवा एक्सबॉक्स सीरीज एक्सही चालतो. ब्लू-रेची गोष्ट वेगळी. अमेरिका रीजन ए, ब्रिटन-युरोप बी आणि भारत सी. क्रायटेरियनच्या ब्लू-रे सहसा ए-बंद असतात, बीएफआयच्या बहुधा बी. डीव्हीडीत अमेरिका १, ब्रिटन २, भारत ५. रीजन-फ्री प्लेअर घेतला की कटकट संपते. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचं रीजन पाचच वेळा बदलता येतं, मग शेवटचं तेच कायम राहतं. खेळत बसू नका.

'किलर ऑफ शीप'सारख्या संचात ४के आणि ब्लू-रे दोन्ही डिस्क असतात. आपल्याकडे ४केच सोयीची. टपालखर्चाखेरीज कस्टम ड्युटीही बसते, म्हणून दोघा-तिघांनी मिळून मागवलेलं परवडतं.

परदेशातल्या मराठी वाचकांनी आधी गावची लायब्ररी गाठावी. अमेरिकेत बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्डावर कॅनॉपी ही स्ट्रीमिंग सेवा फुकट मिळते, आणि डिस्क दुसऱ्या ग्रंथालयातून मागवूनही देतात.

१५. आमच्या फिल्म सोसायटीत डिस्क लावली तर चालेल ना? तिकीट नाही लावणार.

तिकीट नसलं तरी ते जाहीर प्रदर्शन आहे. डिस्कची परवानगी घरगुती वापरापुरती असते. हक्कदाराला, म्हणजे माइलस्टोन, किनो लॉर्बर, जॅनस वगैरेंना, सरळ मेल करा. प्रेक्षक किती, सभागृह कुठलं, उद्देश काय ते लिहा. लहान सोसायटीला दर कमी लावतात, आणि बऱ्याचदा डिस्कपेक्षा चांगली डिजिटल फाइल पाठवतात. उत्तर यायला वेळ लागतो. महिनाभर आधी लिहा.

१६. नवी डिस्क आली की जुनी विकून टाकू?

घाई नको. प्रश्न ४ मध्ये सांगितलेला बदललेला शेवट जुन्या 'किलर ऑफ शीप'वरच आहे, आणि प्रश्न ७ मधल्या 'माय ब्रदर्स वेडिंग'च्या दोन्ही आवृत्त्या एकत्र माइलस्टोनच्या त्या जुन्या संचात होत्या. शॉर्ट फिल्म्स, दिग्दर्शकाचं भाष्य, पुस्तिका यांचे हक्क वेगळे असतात आणि नव्या प्रकाशकाला ते मिळतीलच असं नाही. आधी दोन्हींच्या याद्या शेजारी ठेवून बघा.

१७. तुमच्या मते अजून कुणाकुणाला चांगली डिस्क मिळायला हवी?

पहिला बिल गन यांचा 'स्टॉप!' (१९७०). पोर्तो रिकोत चित्रित झालेला, मोठ्या स्टुडिओच्या पैशांवर कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने केलेल्या सुरुवातीच्या सिनेमांपैकी एक. वॉर्नर ब्रदर्सने तो थिएटरात लावलाच नाही. गन १९८९ साली गेले, तोवरही नाही. स्टुडिओचा सिनेमा असल्यामुळे इथे निगेटिव्ह शोधत फिरायचीही गरज नसावी, इच्छा हवी.

मग गेरिमांचा 'बुश मामा'. वेल्फेअर ऑफिसच्या रांगेत रोज उभी राहणारी डॉरोथी, तुरुंगातला नवरा, भिंतीवरचं पोस्टर. सुरुवातीला रस्त्यावर पोलीस काही जणांना अडवून झडती घेतात. ते अभिनय करत नाहीयेत: शूटिंग करणाऱ्या गेरिमांच्या माणसांनाच लॉस एंजेलिस पोलिसांनी अडवलं होतं आणि कॅमेरा चालू राहिला. याच्या कृष्णधवल चित्राला आणि एकमेकांवर चढणाऱ्या आवाजांच्या ट्रॅकला काळजीपूर्वक केलेली डिस्क हवी. जोडीला 'ॲशेस अँड एंबर्स' (१९८२) द्या.

मेद ओंदोंचा 'सारौनिया' (१९८६) मी मोठ्या पडद्याच्या लायकीचा मानतो. १८९९ साली फ्रेंच लष्करी मोहिमेला टक्कर देणाऱ्या आझना राणीची गोष्ट. नायजरने परवानगी मागे घेतली तेव्हा ओंदोंनी थॉमस सांकारांच्या बुर्किना फासोत शूटिंग केलं, आणि १९८७ साली त्याच देशात, वागादुगूच्या फेस्पाको महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेतला. ज्यांनी तोपर्यंत सैन्याच्या तुकड्या फक्त युरोपियन बाजूने चालताना बघितल्या होत्या त्यांनी हा बघावा.

सेम्बेन आणि थिएर्नो फाती सो यांचा 'कां द थियारोय' (१९८८) दुरुस्त होऊन २०२४ साली कानमध्ये दाखवला गेला, त्याची डिस्क सबटायटल्ससह सगळ्या रीजनांत चालणारी असावी. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढून आलेल्या आफ्रिकन शिपायांनी थकलेला पगार मागितला आणि १ डिसेंबर १९४४ रोजी फ्रेंच सैन्याने डाकारजवळच्या छावणीत त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या. फ्रान्समध्ये हा सिनेमा कित्येक वर्षं दिसत नव्हता.

आणि बर्नेटचाच 'द ग्लास शील्ड' (१९९४). पोलीस ठाण्यातला पहिला कृष्णवर्णीय शिपाई, खोटी साक्ष, गप्प बसलेले सहकारी. वितरकाने शेवट बदलायला लावला होता. बर्नेटना हवा होता तो शेवट शक्य असेल तर मागे जोडून द्या, नाहीतर निदान त्यांच्याकडून तो सांगून घ्या.